बर्फ, गारा आणि मागचे चाक

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अमेरिकेतून पत्र आले. पत्र म्हणजे अर्थातच ई-मेल. पण तीन पाने भरतील इतका मजकूर कोणी मराठीत टंकून पाठवला तर त्याला पत्रच म्हणावे, असे माझ्यासारख्या मास्तराला वाटते. हा विद्यार्थी शेवगाव तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावचा. अकरावी-बारावीला माझ्या मराठीच्या वर्गात तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसे. पुढे अभियांत्रिकी शिकून तो मिनेसोटा राज्यात गेला आणि तेथे हौसेने त्याने एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. दोन आसने, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. नोव्हेंबर लागला की ही गाडी झाकून ठेव आणि एप्रिलात बाहेर काढ, असा सल्ला त्याला कचेरीतल्या सर्वांनी दिला. त्याने ती झाकली नाही. दोन हिवाळे त्याने ती बर्फातून चालवली, आणि त्याविषयी लिहिता लिहिता तो एक वाक्य लिहून गेला : "सर, इथला बर्फ म्हणजे आपला गाराच आहे, फक्त पांढरा."

या पत्राने मी काहीसा अस्वस्थ झालो. त्याचे कारण पुढे येईलच. त्याआधी हे वाक्य केवळ चमकदार उपमा नसून शब्दशः खरे आहे, हे पाहिले पाहिजे.

मोटार रस्त्यावर टिकते ती टायरच्या पकडीवर. कोरड्या डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. दबलेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ वर येतो, आणि पाणी गोठून काचेसारखा थर झाला असेल तर ०.१ च्या आसपास. म्हणजे पकडीची जी शिल्लक आपण रोज निष्काळजीपणे खर्च करतो, ती हिवाळ्यात पाव हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येते. या शिल्लकीतूनच गाडीला पुढे जायचे असते, वळायचे असते आणि थांबायचेही असते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणावर थोडा जास्त ॲक्सिलेटर दिला की मागच्या टायरची सारी पकड रेटण्यातच संपते. बाजूला न घसरण्यासाठी काही उरत नाही आणि गाडीची मागची बाजू बाहेर पडते. स्पोर्ट्‌स कारचे दुखणे आणखी वाढते, कारण इंजिन जोरकस, मागचा भाग हलका आणि टायर रुंद व उन्हाळी. सात अंश सेल्सिअसच्या खाली अशा टायरचे रबर कडक होऊ लागते. मिनेसोटात पारा उणे वीसपर्यंत उतरणे नवलाचे नाही.

आता आमच्याकडे या. शेवगावची काळी जमीन ही दख्खनच्या बेसाल्टची माती. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. परतीचा पाऊस जाता जाता एकदा झोडपून गेला की पाणंदीतला गारा साबणासारखा होतो. टायरच्या खाचा मातीने भरल्या की टायर गुळगुळीत झाल्यात जमा. आणि नेमक्या याच दिवसांत साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते. बोधेगावच्या केदारेश्वर कारखान्याकडे किंवा नेवासे तालुक्यातील भेंड्याच्या ज्ञानेश्वर कारखान्याकडे जाणारा ऊस आधी फडातून बाहेर काढायचा असतो, तो ट्रॅक्टरने. आमच्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर मागच्या चाकांवरच चालणारे. कारखान्याच्या डांबरी रस्त्यावर जो ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या सहज ओढतो, तोच फडाच्या तोंडाशी एका ट्रॉलीला थकतो. चाक जागच्या जागी गरगरते, आणि जितका जोर द्यावा तितके खोल जाते.

यावर आमच्याकडचे उपाय कोणते? पहिला, मागच्या टायरमध्ये पाणी भरणे. टायरचा सुमारे पाऊण भाग पाण्याने भरतात, चाकांना लोखंडी वजने लावतात, म्हणजे ज्या चाकाने रेटायचे त्याच्यावर भार येतो. माझ्या विद्यार्थ्याने डिकीत वाळूच्या पिशव्या ठेवल्या. अमेरिकेत तो जुना रिवाज आहे, पण त्याला तो कोणी सांगावा लागला नाही. काळी-पिवळी जीप चिखलात अडली की चालक पोरांना मागच्या पायरीवर उभे राहायला सांगतो, तेव्हा तो हेच करत असतो. दुसरा उपाय, वरच्या गियरमध्ये हलक्या पायाने उठवणे. विद्यार्थी बर्फावर गाडी दुसऱ्या गियरमध्येच उठवतो. तिसरा उपाय मात्र मला स्वतःला ठाऊक नव्हता. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. एक चाक मोकळे फिरू लागले की डिफरन्शियलमुळे सारी ताकद त्याच्याकडेच वाया जाते. तेव्हा त्याच चाकाचा ब्रेक हलकेच दाबायचा, म्हणजे ताकद पकड असलेल्या दुसऱ्या चाकाकडे वळते. आजच्या महागड्या मोटारींतील संगणक घसरत्या चाकाचा ब्रेक स्वतःच दाबून हेच करतो. गाडी सरळ ठेवणारी अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. विद्यार्थ्याची गाडी त्याआधीची. तिच्यात ती नाही. तो लिहितो, "हे काम करणारा डावा-उजवा पाय मी गावाकडून घेऊन आलो होतो."

मात्र यातून भलतीच फुशारकी निघू नये. त्याने पहिली गोष्ट केली ती चारही चाकांना हिवाळी टायर बसवण्याची. त्यांचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरील बारीक चिरा बर्फाला धरतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात असे टायर २००८ पासून कायद्यानेच सक्तीचे आहेत. कौशल्य टायरची जागा घेत नाही. मागच्या चाकांच्या गाड्यांनी बर्फात नाव कमावले, हे खरे; जानेवारीत होणारी मोन्टे कार्लो रॅली १९६८, १९६९ आणि १९७० अशी ओळीने तीन वर्षे पोर्श ९११ ने जिंकली. पण त्या गाडीचे इंजिनच मागे, चालत्या चाकांवर बसवलेले. म्हणजे पुन्हा वाळूची पिशवीच. पुढे चारही चाकांना ताकद देणारी ऑडी क्वात्रो आली आणि जमाना बदलला. मागच्या चाकांच्या गाडीने जागतिक रॅलीतील उत्पादकांचे विजेतेपद शेवटचे मिळवले ते १९८३ साली, लान्सिया ०३७ ने. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्याकडे मारुती ८०० आली आणि शहरी मध्यमवर्ग ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या चाकांवरून हळूहळू पुढच्या चाकांवर आला. मागच्या चाकाची विद्या उरली ती ट्रॅक्टर, जीप आणि मालवाहू गाड्या चालवणाऱ्यांकडे. म्हणजे ज्यांच्याकडून आपण काही शिकायचे असते असे आपल्याला कधी वाटले नाही, त्यांच्याकडे.

येथे मी माझ्या विषयाकडे, भाषेकडे, येतो.

आपली भाषा बैलगाडीच्या मागोमाग चालत आलेली आहे. बैल पुढे, गाडी मागे. तिला ओढ मिळते ती पुढून. म्हणून आपण संसाराचा गाडा ओढतो, धुरा खांद्यावर घेतो, जुवाला मान देतो, पुढाकार घेतो. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली खेड्यावर ग्रंथ लिहिला, त्याचे नावही 'गावगाडा'. उलट मागून लावलेल्या जोराविषयी भाषेचे मत फारसे बरे नाही. दिवस ढकलायचे असतात, खोटे रेटून बोलायचे असते, नावडते काम पुढे रेटायचे असते. रेट्याने चालणारे यंत्र गावात येऊन पिढ्या उलटल्या, तरी रेट्याला प्रतिष्ठा मिळाली नाही. आपल्या ग्रामीण साहित्यातही बैल हा घरचा माणूस म्हणून येतो आणि ट्रॅक्टर बहुधा परका म्हणून, फार तर बदलत्या काळाची खूण म्हणून. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून जग कसे दिसते, कोणता आवाज आला की पाय उचलायचा, हे माझ्या वाचनात फारच थोड्या ठिकाणी आले आहे. परदेशाच्या प्रवासवर्णनांचीही तीच तऱ्हा. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवर पुस्तक लिहिले, तेव्हापासूनची आपली ही परंपरा समृद्ध आहे. पण पुढच्या प्रवासवर्णनांत बर्फ आपल्याला भेटतो तो बहुतेक वेळा खिडकीच्या काचेपलीकडे, कापसासारखा. तो चाकाखाली कसा लागतो, हे लिहायला लेखक चालकाच्या जागी बसलेला असावा लागतो.

एस्किमोंकडे बर्फासाठी शेकडो शब्द आहेत, ही गोष्ट आपण वर्गात हौसेने सांगतो. लॉरा मार्टिन या अभ्यासिकेने १९८६ साली ती कशी फुगत गेली हे दाखवले, तरी ती मरत नाही. तिच्यातले खरे इतकेच, की ज्याचे पोट ज्या गोष्टीवर अवलंबून असते, तो त्या गोष्टीचे भेद करतो. आमचा शेतकरी वाफसा, ओल, चिखल आणि गारा यांत गल्लत करत नाही. विद्यार्थ्याने आकाशातून नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ, चाकांनी दबलेला बर्फ आणि दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ असे तीन भेद केले आहेत आणि तिसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढत नाही, असे बजावून लिहिले आहे. वाफसा नसताना पाळी घालू नये, हे ज्या घरात शिकवतात, त्या घराचाच हा संयम.

आता माझ्या अस्वस्थतेचे कारण. हा मुलगा अकरावीत असताना मी वर्गाला निबंध दिला होता : 'पावसाळ्यातील एक दिवस'. इतरांनी इंद्रधनुष्य आणि हिरवा शालू लिहिला. याने लिहिले, की चुलत्याबरोबर ट्रॅक्टर घेऊन जाताना पाणंदीच्या उतारावर काय झाले. त्यातले एक वाक्य मला आजही आठवते : "ट्रॅक्टरनं ढुंगण फिरवलं, तसा मी पाय उचलला अन् स्टेअरिंग त्याच्याच अंगाला दिलं." मी लाल शाईने एका शब्दाखाली रेघ ओढून 'अशिष्ट' असे लिहिले आणि समासात शेरा मारला, 'विषयाशी संबंध?' दहापैकी चार गुण दिले.

आज कळते, की घसरणारी गाडी सावरण्याचा सारा विधी त्या एका वाक्यात होता. ब्रेक मारायचा नाही, पाय उचलायचा, आणि मागची बाजू ज्या अंगाला चालली आहे त्याच अंगाला पुढची चाके वळवायची. हिवाळी ड्रायव्हिंगचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था हेच शिकवतात. सोळा वर्षांच्या मुलाने ते गाऱ्यात स्वतः अनुभवले होते आणि त्याच्याकडे त्यासाठी अचूक, हालता, दिसणारा शब्द होता.

यावर माझे काही सहव्यवसायी म्हणतील, की बोलीचे असे गोडवे गाणे आता सोपे झाले आहे. प्रमाणभाषा शिकवणे हे तुमचे कामच होते. मान्य. प्रमाणभाषेशिवाय तो मुलगा अभियांत्रिकीच्या दारापर्यंतही पोचला नसता. ट्रॅक्टरचालकाला वीर बनवावे, असेही माझे म्हणणे नाही. मागे दिवा नाही, परावर्तक नाही, अशा दोन-दोन भरल्या ट्रॉल्यांनी आमच्या रस्त्यांवर हिवाळ्याच्या रात्री किती घरे उजाड केली, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. चाकाची समज असणे आणि जबाबदारीची समज असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझे म्हणणे मर्यादित आहे. मी त्याला दुसरा शब्द शिकवायला हवा होता, पहिला काढून घ्यायला नको होता. आणि 'विषयाशी संबंध?' असे विचारण्याचा अधिकार तर मला मुळीच नव्हता. संबंध नव्हता तो माझा, विषयाशी.

कारण त्याचे पत्र मी पुन्हा वाचले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. बर्फावर गाडी घसरल्याचा प्रसंग त्याने अगदी नीटनेटका लिहिला आहे. शुद्धलेखनाची एक चूक नाही. पण नेमक्या जागी त्याने लिहिले आहे : "वाहनाच्या पार्श्वभागाचे नियंत्रण सुटले." हे वाक्य माझे आहे, त्याचे नाही. वीसेक वर्षांपूर्वी लाल शाईने मी ते त्याच्या हाती दिले, आणि ते त्याने प्रामाणिकपणे सांभाळून सातासमुद्रापलीकडे नेले. हिवाळी टायर, वाळू, दुसरा गियर, हलका पाय, सारे त्याने गावाकडच्या शहाणपणाने निभावले. फक्त ते सांगण्याची वेळ आली तेव्हा त्याला मास्तर आठवला.

मी त्याला उत्तर लिहिले आहे. त्यात त्या निबंधाची आठवण दिली, गुण चुकीचे दिल्याचे कबूल केले, आणि हा प्रसंग पुन्हा एकदा लिहून पाठव, पण चुलत्याला फोनवर सांगशील तसा, अशी विनंती केली. यंदाच्या अकरावीला मी 'पावसाळ्यातील एक दिवस' हाच विषय देणार आहे. त्याचे उत्तर तोवर आले, तर निबंध लिहायला सांगण्याआधी ते वर्गात जसेच्या तसे वाचून दाखवीन.