चंचीतला अडकित्ता बाहेर काढा

मागच्या मे महिन्यात माणगावात एका भंगारवाल्याच्या काट्यावर मला एक अडकित्ता दिसला. गंजक्या सळया, फुटका स्टोव्ह, सायकलची चेन आणि त्यांच्यात हा. दांड्या पितळेच्या, पातं पोलादाचं. एका दांडीच्या आतल्या अंगाला टिंबाटिंबांनी अक्षरं कोरलेली होती, घरच्या भांड्यांवर नाव घालतात तशी. अंगठा जिथे टेकतो तिथलं पितळ झिजून खोलगट झालं होतं. कुणीतरी हा अडकित्ता जन्मभर रोज हाताळला होता आणि पुढच्यांनी घर आवरताना तो भंगारात टाकला होता. भंगारवाल्याने पितळेच्या भावाने वजन केलं, मी पैसे दिले आणि तो घरी आणला.

तेव्हापासून मनात आहे ते आज लिहितो. माणगाव, निजामपूर, इंदापूर, गोरेगाव, तळा, म्हसळा या पट्ट्यातल्या घरांना माझी विनंती आहे. तुमच्या आजोबांनी, वडिलांनी, आजीने रोज अंगावर वागवलेलं जे काही पात्याचं असेल, म्हणजे कमरेची कोयती, चंचीतला अडकित्ता, खिशातला मिटता चाकू, ते पोटमाळ्यावरून, ट्रंकेतून बाहेर काढा. येत्या खंडेनवमीला ते चारचौघांत आणा, एकमेकांना दाखवा, आणि त्यानंतर वापरायला घ्या.

परदेशात खिशातला चाकू जपणारी माणसं हजारोंनी आहेत. फ्रान्समध्ये सव्हॉयच्या डोंगरात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये शेतकऱ्यांसाठी साधा लाकडी मुठीचा मिटता चाकू केला. 1955 मध्ये त्याला पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी बसली, आणि तो चाकू आजही जवळजवळ तसाच मिळतो. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी म्हणजे दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा साधा चाकू. शाळेतली पोरं त्याने पेन्सिलीला टोक काढायची. गरिबाच्या खिशातल्याच या वस्तू. पण कुठल्या गावचा, कुणी घडवला, पोलाद कोणतं, हे तिथले हौशी लोक एकमेकांना विचारतात आणि लिहून ठेवतात. आपल्या कोयतीचं हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

आपल्याकडे मुळात खिसा उशिरा आला. लंगोटी आणि घोंगडी एवढ्यावर रान तुडवणाऱ्या माणसाने पातं ठेवायचं कुठे? म्हणून आकडी. लाकडाचा जाड तुकडा, मधोमध खाच, दोन्ही टोकांना दोरी. ती कमरेला मागच्या बाजूला बांधायची आणि खाचेत कोयती अडकवायची. वाकलं तरी पडत नाही, चालताना मांडीला लागत नाही, आणि हात मागे नेला की मूठ नेमकी मुठीत येते. राबासाठी कवळ तोडणारा शेतकरी असो, खैराचा कात काढण्यावरून ज्यांचं नाव पडलं तो कातकरी असो, दोघांच्या पाठीशी आकडी असायचीच. बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या वाट्याला चंची आली. कापडाची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळी करून नाडीने बांधायची. एका कप्प्यात पानं, एकात चुन्याची डबी आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात अडकित्ता. शर्टाला खिसे आले तसा मिटता चाकूही आला, पण तो मागाहून.

माझ्या वडिलांची कोयती माझ्या डोळ्यांदेखत घडली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गावच्या लोहारसाळेत भाता ओढायला मला बसवलं होतं. महामार्गावरच्या एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानीचा पाटा वडिलांनी मिळवला होता. कोयतीला त्याच्यासारखं पोलाद नाही, असं लोहार म्हणाला. पाटा लाल झाला की तो ऐरणीवर घ्यायचा, वडील घण मारायचे आणि तो लहान हातोडीने कुठे मारायचं ते दाखवत जायचा. बोलणं नाहीच, नुसता ठोक्याला ठोका. आकार आल्यावर कानस फिरली. मग सगळ्यात नाजूक काम, पाणी देणं. पातं तापवून त्याने फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवली आणि लगेच बाहेर काढली. दगडाने धारेकडचा काळा थर घासून तो उजेडात धरून बसला. पाठीतली उष्णता धारेकडे सरकत होती आणि घासलेल्या जागेवर रंग चढत होता, आधी फिकट पिवळा, मग वाळक्या भाताणासारखा. त्या रंगावर त्याने अख्खी कोयती पाण्यात घातली. आणखी थांबलं की निळा रंग येतो आणि धार मऊ पडते, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. ती कोयती आज माझ्याकडे आहे. निसून निसून पातं बोटभर अरुंद झालंय, मूठ दोनदा बदलली, पण शेंबी तीच आहे आणि धारही टिकून आहे.

म्हणून पहिली गोष्ट हात जोडून सांगतो. जुनं पातं विजेच्या ग्राइंडरवर धरू नका. ठिणग्या उडतात, दोन मिनिटांत चकाकी येते, आणि धारेवर निळसर डाग पडला की समजा, लोहाराने दिलेलं पाणी तिथे उतरलं. ती धार पुन्हा टिकत नाही. दगडाचा निसणा घ्या, पाणी शिंपडा, घाई न करता दोन्ही बाजू सारख्या घासा. गंज फार असेल तर दोन दिवस तेल लावून ठेवा आणि मग नारळाच्या शेंडीने घासा. काळपट झालेलं पोलाद तसंच राहू द्या. तो काळपटपणा गंज नव्हे, तो काढायची गरज नाही. अडकित्त्याचं पितळ दिवाळीच्या भांड्यांसारखं चिंच लावून घासू नका. आंबट पाणी खिळ्याच्या फटीत शिरतं, आतलं लोखंड खातं, आणि वरच्या कोरीव रेषाही बुजतात. कोरडं फडकं आणि खिळ्यात खोबरेल तेलाचा एक थेंब पुरे. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या चार महिन्यांत काहीही चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. तेलाच्या चिंधीत गुंडाळा, हवेशीर जागी ठेवा.

अडकित्त्याबद्दल एक बोलायलाच हवं. श्रीवर्धनची रोठा सुपारी सगळीकडे जाते, आपल्या कितीतरी नातेवाइकांच्या वाड्या तिच्यावर उभ्या आहेत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्या वाड्या आडव्या झाल्या, ते आपण पाहिलं. त्या बागायतदारांबद्दल माझ्या मनात माया आहे. तरीही सांगतो, सुपारी खाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. अडकित्त्याला दुसरी कामं आहेत. खोबऱ्याचे काप निघतात, सुंठ फुटते, पूजेची सुपारी दुभंगते. तो कामात ठेवा.

कोयत्याचं नाव अलीकडे फार वाईट रीतीने पेपरात येतं. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या आपण वाचल्या, आणि आता आपल्याकडचीही काही पोरं कोयता हातात घेऊन व्हिडिओ काढतात. पोरांनो, तुमच्याशी थेट बोलतो. सुतार आपल्या रंध्या-पटाशीला हत्यारं म्हणतो, न्हावी वस्तऱ्याला हत्यार म्हणतो. आपल्या बोलीत पोट भरायच्या साधनाला हाच शब्द आहे. बाळाच्या पाचवीला आपण पाटावर कोयता मांडतो, नवरदेवाच्या हातात लिंबू खोवलेली सुरी देतो, बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतो. ज्या वस्तूवर आपण तान्ह्या बाळाची राखण सोपवतो, ती कुणाला धमकावायला धरायची नाही. तसला व्हिडिओ काढलात तर गुन्हाही दाखल होतो आणि पुढे नोकरीच्या वेळी पोलिसांचा दाखला अडतो.

कायदा थोडक्यात असा. शस्त्र कायदा 1959 चा आहे. त्याखालच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख धारदार शस्त्रांमध्ये आहे, पण घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे शेतावर जाताना कोयती न्यायला हरकत नाही. मात्र सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली बंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत बाजारात, एसटीत, मिरवणुकीत काहीही पात्याचं घेऊन फिरू नका. विमानाने जायचं असेल तर मिटता चाकू सामानाच्या मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. आणि खंडेनवमीला जिथे जमाल तिथल्या पोलीस ठाण्यात आधी एक साधं पत्र द्या. देवळाच्या सभामंडपात म्हातारी माणसं अडकित्ते घेऊन बसणार आहेत, हे त्यांना आधीच कळलेलं बरं.

रोजच्या वापराची वस्तू जमवणं म्हणजे रिकामटेकड्याचा उद्योग, असं कुणी म्हणालं तर त्याला ताम्हिणी घाट चढून पुण्याला न्या. बाजीराव रस्त्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांचा धंदा सांभाळणारे, अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव त्याचं आहे. केळकरांनी आयुष्यभर दिवे, भांडी, कुलपं, फण्या, अडकित्ते गोळा केले, वीस हजारांच्या वर वस्तू. त्यातले अडकित्ते एकदा बघाच. मोर, पोपट, घोडा, जोडपं, काय काय आहे. मला मात्र तिथे उभं राहिल्यावर एकच वाटत राहिलं, की यातल्या कितीतरी वस्तूंचा मालक आणि कारागीर आता कुणाला सांगता येणार नाही. आपल्या घरात अजून सांगणारी माणसं आहेत. आज ऐंशीच्या पुढचे आजोबा आहेत, त्यांना विचारा.

विचारायचं फार नाही. ही कुठल्या लोहाराने केली, त्याचं गाव कुठलं, पोलाद कुठून आणलं, मोबदला पैशात दिला की भातात. मूठ कसल्या लाकडाची. कोण वागवायचं, कशासाठी. हातावर वण असेल तर तो कशाने पडला. वहीच्या एका पानावर लिहा, वस्तूचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. लोहार हयात असेल तर त्याला मानाने बोलवा आणि एखादी नवी कोयती करायला सांगा. किंमत तो म्हणेल ती द्या. बाजारातल्या तयार मालाशी तुलना करून त्याच्याशी घासाघीस करू नका.

एकमेकांच्या हातात पातं देताना पाटावर ठेवा, समोरच्याने उचलून घ्यावं. हातोहात दिलं की भांडण लागतं असं जुनी माणसं म्हणायची, आणि बोटं वाचतात हे तर खरंच. अडकित्ता रिकामा वाजवू नका. पोरांना जवळ बसवा, पण पातं मोठ्यांनीच उघडावं. विकत घ्यायला-द्यायला त्या दिवशी कुणी येऊ नये, तो दिवस पूजेचा आहे.

त्या पितळी अडकित्त्यावर किती अक्षरं आहेत आणि कोणती, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. खंडेनवमीला तो माझ्यापुढे पाटावर असेल. तुमच्या घरचा असला तर अक्षरं सांगा आणि घेऊन जा. पैसे नकोत. तो कुणाच्या चंचीत असायचा, तेवढं मात्र बसून सांगा.