इमारतीची माहिती कोणाच्या ताब्यात?

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू वाहतुकीस खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्यापेक्षा मीटरहून अधिक खाली राहिल्याचे सर्वांनी पाहिले. रेल्वेच्या बदललेल्या निकषांमुळे नवा पूल उंच झाला होता. जुना उड्डाणपूल होता तेथेच होता. पुढे व्हीजेटीआयच्या मार्गदर्शनाखाली तो जॅकने उचलून सांधा जुळविण्यात आला आणि जुलैमध्ये त्यावरून वाहने धावू लागली. हे काम कौतुकास्पद होते यात संशय नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला निराळा प्रश्न पडतो. दोन्ही पुलांच्या उंचीचे आकडे कागदोपत्री असणारच; मग ते आरंभीच शेजारी ठेवून दोन्ही कामांची आखणी एकत्र का झाली नाही?

बांधकामात सिमेंट आणि पोलादाइतकाच माहिती हाही कच्चा माल आहे. वास्तुशिल्पी, संरचना अभियंता, वीज व पाणी यांचे कंत्राटदार, प्रत्येकाचा नकाशा स्वतंत्र. तुळई आणि नळ एकाच जागी येतात, हे पुष्कळदा प्रथम कळते ते गवंड्याला. 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' या पद्धतीत संगणकावर इमारतीचे एकच सामाईक प्रतिमान उभारले जाते. त्यातील प्रत्येक तुळईला माप, साहित्य, किंमत आणि वेळापत्रक जोडलेले असते. एका ठिकाणी केलेला बदल इतर नकाशांत आणि अंदाजपत्रकात उमटतो. नागपूर मेट्रोने लांबी-रुंदी-उंचीला काळ व खर्च यांची जोड देऊन ही पद्धत वापरली. ब्रिटनने तर केंद्र सरकारच्या कामांसाठी एप्रिल २०१६ पासून ती आवश्यक ठरविली.

हे महानगरांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखक फोंडाघाटात राहतो. घाटाखालचा पाऊस आणि चिऱ्याच्या भिंती यांचे नाते येथे कोणाला सांगावयास नको. पूर्वी आम्ही ज्या इमारतीत वर्ग घेत असू, तेथील एका भिंतीला ओल आली. आतला नळ कोठून गेला आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मूळ नकाशा कपाटात नव्हता, कंत्राटदार केव्हाच निघून गेलेला. तीन ठिकाणी भिंत फोडून झाल्यावर कोणीतरी मुंबईस गेलेल्या जुन्या प्लंबरला फोन लावला. "खिडकीपासून हातभर डावीकडे," तो म्हणाला. अवघ्या इमारतीचे दप्तर एका माणसाच्या स्मरणात होते!

याचे कारण निव्वळ हलगर्जीपणा नव्हे. आपल्याकडे देयक निघते ते मोजमाप पुस्तिकेत नोंदलेल्या कामाचे. माहिती सुपूर्द केल्याबद्दल कोणालाही काही मिळत नाही. उलट नकाशातील संदिग्धतेतून 'जादा कामा'चे देयक निघू शकते. हे हिशेब तसेच राहिले, तर कितीही महागडी संगणकप्रणाली खरेदी केली तरी तीही त्याच कपाटात जाईल. म्हणून प्रत्यक्ष बांधकामाचे अद्ययावत प्रतिमान मालकाच्या हाती येईपर्यंत अंतिम देयकाचा काही भाग रोखून धरण्याची अट निविदेतच हवी.

लहान कंत्राटदाराला हे झेपणार नाही, हा आक्षेप खरा आहे. दोन खोल्यांच्या शाळेला पंचमितीय प्रतिमान नकोच. गिलावा करण्यापूर्वी नळ व तारा यांची मापासह छायाचित्रे काढून एक सुधारित नकाशा ग्रामपंचायतीच्या संगणकावर जपला, तरी पुष्कळ झाले. ज्या मोठ्या इमारतींना पूर्ण प्रतिमान हवे, त्यांची मोजणी मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांकडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि रास्त मानधन देऊन, करून घेता येईल. पावसाळा सरल्यावर जिल्ह्यातील शाळांच्या दुरुस्तीची जी अंदाजपत्रके होतील, त्यांत या खर्चाची एक ओळ घालण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.