विश्लेषण : काल्पनिक जगाचा इतिहास सांगत बसू नका, खेळाडूला बंदरावर उतरवा!

टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. फासे, पेन्सिली, कोरे कागद, मध्ये चिवड्याची वाटी. खेळ चालवणारा गेम मास्टर घसा खाकरून सुरुवात करतो, ‘तीन हजार वर्षांपूर्वी सात राज्ये होती...’ पाचव्या राज्यापर्यंत पोहोचताना एकाच्या हातात मोबाइल आलेला असतो. सातव्यापर्यंत चिवडा संपतो. गेम मास्टरने या जगावर सहा महिने रात्री जागवलेल्या असतात आणि खेळाडूंना मात्र आपल्या राज्याचे नावही आठवत नाही.

चूक कोणाची? खेळाडूंची नक्कीच नाही.

ओळखीच्या जगात हा प्रश्न का येत नाही?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला आणि रोल-प्लेइंग गेम हा प्रकार रुळला. प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो, गेम मास्टर बाकीचे सगळे जग होतो, आणि अवघड प्रसंगी काय घडले हे फासे ठरवतात. त्यातले किल्ले, ड्रॅगन, बुटके आणि चेटके खेळाडूंनी सिनेमात किंवा पुस्तकात आधीच पाहिलेले असतात. ‘तुम्ही एका सरायीत बसला आहात’ म्हटले की पुढचे चित्र डोळ्यांसमोर आपोआप येते. ज्या जगात घोडा नाही, लोखंड दुर्मीळ आहे आणि नमस्कार चुकला तर शिक्षा होते, तिथे ही उधारी चालत नाही.

टेकुमेल म्हणजे काय?

असे जग पहिल्यांदा छापून बाजारात आले ते फार लवकर, १९७५ मध्येच. एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठातील दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक. उर्दू शिकवणारे त्यांचे पाठ्यपुस्तक १९६७ चे. त्यांनी रचलेला ग्रह म्हणजे टेकुमेल आणि त्यावर बेतलेला खेळ ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’. दूरच्या भविष्यात माणसाने हा परका ग्रह आपल्यासाठी राहण्याजोगा केला. मग एका उत्पातात आकाशातले तारेच नाहीसे झाले, यंत्रे हळूहळू विसरली गेली आणि उरली ती जादू, कुळे आणि देवळे. धातू कमी, म्हणून चिलखते च्लेन नावाच्या अवाढव्य जनावराच्या कातडीची. देव वीस, दोन गटांत वाटलेले. त्सोल्यानू साम्राज्याच्या भाषेला बार्कर यांनी स्वतंत्र व्याकरण आणि लिपी दिली. युरोपी सरदारांऐवजी भारत, इजिप्त आणि मध्य अमेरिकेच्या प्राचीन संस्कृतींची छाया या जगावर दिसते.

(बार्कर यांच्या नावावर एक काळा डागही आहे. १९९१ मध्ये टोपणनावाने निघालेली एक नाझीधार्जिणी कादंबरी त्यांचीच होती, हे टेकुमेल फाउंडेशनने २०२२ मध्ये जाहीरपणे मान्य केले. या खेळाबद्दल लिहिताना ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.)

मग नावेतून उतरवायचे म्हणजे काय?

एवढा पसारा खेळाडूला कसा सांगायचा? बार्कर यांनी तो सांगितलाच नाही. १९७५ च्या नियमांत खेळाडूंची पात्रे दक्षिणेकडून छोट्या नावेतून आलेली रानटी माणसे असतात. ती जकाल्ला बंदरात उतरतात. त्यांना परदेशी लोकांच्या वस्तीतच राहावे लागते. शहरात मोकळे फिरण्याची मुभा नाही, रीतभात माहीत नाही, आणि भलतीकडे पाय पडला तर सुळावर चढण्याची वेळ. मग कोणी तरी बडा माणूस काम देतो आणि ते काम करत करत शहर उलगडते.

वरवर ही साधी सोय वाटते, पण खेळाडूला काही माहीत नाही आणि पात्रालाही काही माहीत नाही, म्हणजे दोघांचे अज्ञान एकच झाले. ‘हे देऊळ कोणाचे?’ असे विचारणे हा आता खेळाचाच भाग असतो, त्यासाठी खेळ थांबवावा लागत नाही. आणि उत्तर कळण्याची गरजही खरी असते, कारण उत्तर चुकले तर सूळ आहे. व्याख्यानातून मिळालेली माहिती खेळाडू घरी पोहोचेपर्यंत विसरतो. जिवावर बेतलेली माहिती तो पुढच्या आठवड्यात गेम मास्टरलाच ऐकवतो.

इतरांनी काय केले?

१९९१ च्या ‘डार्क सन’मध्ये अॅथस हे वाळवंटी जग आहे. नाणी सिरॅमिकची, शस्त्रे हाडांची, आणि जादू केली की आसपासची झाडे राख होतात. त्याच्या ‘फ्रीडम’ या पहिल्या साहसात पात्रे टीर शहरात गुलाम होतात आणि राजाच्या झिगुरातच्या बांधकामावर जुंपली जातात. राजा कसा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

व्हिडीओ गेममध्ये हीच युक्ती सर्वांत देखणी दिसते ती २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये. खेळाडू कैदी म्हणून जहाजातून येतो, सेदा नीन या दलदलीतल्या गावात उतरतो, कारकुनासमोर नाव नोंदवतो आणि बाहेर पडतो तर समोर उंच पायांचा प्रचंड कीटक उभा. ती तिथली प्रवासी गाडी. थोडे पुढे गेले की एक जादूगार किंचाळत आकाशातून पडतो आणि मरतो. त्याच्याजवळ उंच उडी मारण्याच्या मंत्राच्या गुंडाळ्या सापडतात. उतरण्याचा मंत्र मात्र नसतो. या जगात जादू किती ताकदीची आहे आणि किती बेभरवशाची, हे अर्ध्या मिनिटात कळते. शंभर पानांचा इतिहास हे करू शकला नसता.

या पद्धतीत खोट नाही का?

आहे, आणि मोठी आहे. कायम पाहुणा राहिलेला खेळाडू पर्यटक होतो. त्याला सगळे विचित्र दिसते, पण आपले काहीच वाटत नाही. एखाद्या कुळाचा मान गेला तर त्याला काय? शिवाय ‘रानटी’ पाहुणा आणि ‘गूढ’ पौर्वात्य नगर या मांडणीला जुन्या वसाहतवादी साहसकथांचा वास येतोच.

म्हणून टेकुमेलच्या पुढच्या आवृत्त्यांत, विशेषतः १९८३ पासूनच्या ‘स्वोर्ड्स अँड ग्लोरी’त, पात्रे स्थानिक कुळांतली झाली. जग खोल झाले, पण दार जड झाले. आपल्याच कुळाचे रीतिरिवाज ठाऊक नसलेला माणूस कसा वठवायचा? आधी जाडजूड ग्रंथ वाचणे आले. टेकुमेलचे नाव आदराने घेणारे पुष्कळ आणि प्रत्यक्ष खेळणारे मोजके, यामागे हेही एक कारण आहे.

मधली वाट आहे. पात्र स्थानिकच असू द्यावे, पण खेड्यातून पहिल्यांदा राजधानीत आलेले. त्याला आपला देव माहीत आहे, शहरातले इतर एकोणीस नाहीत. भूक, भाडे आणि ओळखीचा एखादा काका, एवढ्यावर पहिली बैठक निघते. नकाशा दुसऱ्या बैठकीला दाखवला तरी चालतो.

मराठीत खेळणाऱ्यांना एक गोष्ट तर फुकटच मिळते. त्सोल्यानी भाषेत समोरच्याचा दर्जा पाहून ‘तू’साठी वेगवेगळी सर्वनामे वापरावी लागतात. इंग्रजी खेळाडूला हे नियम म्हणून शिकवावे लागते. मराठी टेबलावर जकाल्लाच्या वेशीवरचा पहारेकरी नुसता म्हणतो, ‘काय रे, कुठून आलास तू?’ आणि मागून पालखी येताच त्याच तोंडाने, ‘यावे, आपण यावे!’ आपण कुठे उभे आहोत, ते पाचही जणांना कळलेले असते.