नवा जन्म आणि जुनी देणी

‘माझा नवा जन्म झालाय’ असं सांगणाऱ्या माणसाला मी एकच प्रश्न विचारतो: ज्यांचं बुडवलंस, त्यांचं परत केलंस का? बहुतेकांचा चेहरा पडतो. काही जण माझ्याच विश्वासावर शंका घेतात. खुशाल घ्यावी.

मी ख्रिस्ती घरात वाढलो. नव्या जन्माची शिकवण असलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय मला लहानपणापासून पाठ आहे आणि नव्या जन्मावर माझा पुरता विश्वास आहे. म्हणूनच त्याचा जो बाजार मांडला गेलाय, त्याची मला चीड येते. डोळे मिटा, हात वर करा, पाळकांच्या मागोमाग चार वाक्यं म्हणा, झालं तारण! अख्ख्या नव्या करारात अशी प्रार्थना कुणी कुणाकडून म्हणवून घेतल्याचं मला दाखवा. पापी माणसाला भरसभेत पुढच्या बाकावर बसवून तिथल्या तिथे निर्णय घ्यायला लावायची रीत 1830च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स फिनी या प्रचारकाने रुजवली. विसाव्या शतकात बिली ग्रॅहमच्या सभांमध्ये पुढे येणाऱ्यांची कार्डं भरून घेतली जाऊ लागली. तारणाची मोजदाद होऊ लागली ती अशी.

ज्याला येशूने नव्या जन्माची गोष्ट सांगितली, त्या निकदेमाचं काय झालं? तो रात्री, लपून आला होता. त्याने गुडघे टेकून काही म्हटल्याची एक ओळही शुभवर्तमानात नाही. पण सातव्या अध्यायात तोच निकदेम परूश्यांना तोंडावर विचारतो की, माणसाचं ऐकून न घेता त्याला दोषी ठरवणं आपल्या नियमशास्त्रात बसतं का? आणि क्रुसावरून उतरवलेल्या येशूच्या देहासाठी गंधरस आणि अगरू घेऊन येतो, तेव्हा बहुतेक शिष्य पांगलेले असतात. निकदेम बदलला हे आपल्याला कळतं ते त्याच्या करणीवरून.

आता ज्यांच्या साक्षी आपण भक्तिभावाने ऐकतो, त्यांच्याकडे बघू. इंग्रज खलाशी जॉन न्यूटन. 1748 साली अटलांटिकच्या वादळात जहाज बुडता बुडता त्याने देवाचा धावा केला, ही कथा व्यासपीठावरून शेकडो वेळा सांगितली जाते. त्यापुढचं सांगत नाहीत. त्या वादळानंतर हा माणूस गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला. रविवारी खलाशांची उपासना घेई आणि जहाजाच्या तळाशी आफ्रिकेतली माणसं साखळदंडात पडलेली असत. बंडाचा संशय आला तेव्हा पोरांचे अंगठे चापात आवळल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. 1754 साली त्याने दर्यावर्दी जीवन सोडलं, तेही प्रकृतीमुळे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली 1788 साली. वादळानंतर तब्बल 40 वर्षांनी! वादळानंतरचा बराच काळ आपण खरे विश्वासी नव्हतो, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. तो आपल्या साक्षी रंगवणाऱ्यांपेक्षा प्रामाणिक होता.

ग्वाटेमालाचा जनरल एफ्राइन रिओस माँट तेवढाही प्रामाणिक नव्हता. 1978 साली तो ‘नव्याने जन्मला’, 1982च्या मार्चमध्ये बंड करून सत्तेवर आला आणि रविवारी टीव्हीवरून देशाला नीतीची प्रवचनं देऊ लागला. त्याच काळात त्याचं सैन्य डोंगरातल्या इशील माया लोकांची गावंच्या गावं जाळत होतं. अमेरिकेतले नामांकित सुवार्तिक या ‘बंधू’चं कौतुक करत होते. 2013च्या मे महिन्यात ग्वाटेमालाच्याच न्यायालयाने 1,771 इशील लोकांच्या हत्येबद्दल त्याला वंशसंहाराचा दोषी ठरवून 80 वर्षांची शिक्षा दिली. दहाच दिवसांत वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. 2018 साली तो मेला, नव्या जन्माचा दाखला शाबूत ठेवून.

हे फार लांबचं वाटत असेल, तर जवळचं सांगतो. आमच्या मंडळीत एका गृहस्थाने साक्ष दिली. दारू सुटली, घर सावरलं, प्रभूने धुऊन काढलं. लोकांनी ‘हालेलुया’ म्हटलं. मागच्या बाकावर एक विधवा काकू बसल्या होत्या. मुलाला नोकरी लावतो म्हणून याच गृहस्थाने त्यांच्या नवऱ्याच्या फंडाचे पैसे नेले होते. त्याच्या सहीची चिठ्ठी बायबलच्या कव्हरमध्ये घडी करून त्यांनी जपली होती. उपासना सुटल्यावर त्यांनी ती पुढे केली. तो म्हणाला, “काकू, तो जुना माणूस मेला. आता काय उकरून काढता?” पाळकांनी काकूंनाच समजावलं, “बाई, क्षमा करा.” चिठ्ठी पुन्हा बायबलमध्ये गेली. लुबाडणारा पवित्र ठरला आणि लुबाडली गेलेली कठोर मनाची! मला याहून मोठी देवनिंदा ठाऊक नाही.

जक्कय जकातदाराने येशूचं घरी स्वागत केलं तेव्हा तो आपल्या अंतःकरणाच्या शांतीबद्दल बोलला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत, असा रोकडा हिशेब त्याने मांडला. त्या हिशेबानंतर येशू म्हणाला की, आज या घराला तारण मिळालं.

आणि आपल्याकडे पंडिता रमाबाई होत्याच की. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. तसं त्यांनी निर्भीडपणे लिहिलं. मग 1896च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने सापळा झालेल्या पोरी घेऊन आल्या, केडगावला त्यांच्यासाठी घर उभं केलं, त्यांना वाचायला आणि कमवायला शिकवलं. त्यांच्या नव्या जन्माची साक्ष मी त्या पोरींच्या ताटात पाहतो.

पाळकांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. पुढच्या वेळी कुणी साक्ष द्यायला उभा राहिला, तर माइक देण्याआधी त्याला विचारा, कुणाचं देणं आहे? असेल तर त्याला खाली बसवा, आधी देणं फेडून ये म्हणा. आणि काकूंना क्षमेचा उपदेश करायला जाऊ नका, त्यांचे पैसे घेऊन जा.