वीस विकेट्स कोण काढणार?

गेल्या रविवारी सकाळी महेश सोसायटी चौकातल्या अमृततुल्यवर आमचं नेहमीचं अधिवेशन भरलं होतं. टेनिस बॉलची मॅच संपलेली, गुडघे खरचटलेले, हातात कटिंग. विषय एकच, महाराष्ट्राच्या रणजी संघाचं काय करायचं?

तासभर चर्चा झाली. मन्या म्हणाला, कॅप्टन बदला. सोसायटीचे चेअरमन काका म्हणाले, "कोच बदला रे, कोच. पोरं काय, सांगाल ते ऐकतात." तिसरा म्हणाला, बाहेरून दोन-चार तगडे प्लेअर उचला, विदर्भाने नाही का केलं? चौथ्याच्या मते सगळा दोष आयपीएलचा. पाचवा चहावाल्याशी सुट्ट्यावरून भांडत होता, त्यामुळे त्याचं मत नोंदवता आलं नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं, तासाभरात गोलंदाजीचा 'ग'सुद्धा कोणी काढला नव्हता. मीही नाही. आपल्या रणजी संघाचा खरा रोग हाच आहे असं माझं स्पष्ट मत आहे आणि आज त्यावरच भांडायचंय. पटलं नाही तर पुढच्या रविवारी चौकात भेटा.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण हापिसातल्या निम्म्या जनतेला 'आपला' रणजी संघ कोणता हेच माहीत नसतं. राज्य एक आणि संघ तीन. मुंबईचा वेगळा, विदर्भाचा वेगळा आणि उरलेल्यांचा म्हणजे पुणे, नाशिक, नगर, कोल्हापूर, सोलापूर, मराठवाडा वगैरेंचा तो महाराष्ट्र. मुंबईच्या नावावर ४२ रणजी करंडक आहेत. विदर्भाने ३ जिंकले, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. आपले किती? दोन. १९३९-४० आणि १९४०-४१, दोन्ही प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. म्हणजे आपण शेवटचा करंडक उचलला तेव्हा देश स्वतंत्र व्हायचा होता. त्यानंतर तीनदा फायनलला गेलो आणि तिन्ही हरलो. १९७०-७१ साली मुंबईकडून, तेही त्यांचे बडे खेळाडू वेस्ट इंडीज दौऱ्यावर असताना. १९९२-९३ साली पंजाबकडून आणि २०१३-१४ साली कर्नाटककडून.

आता गंमत बघा. कुठल्याही पुणेकराला महाराष्ट्राच्या क्रिकेटचा एक किस्सा सांग म्हणा. तो भाऊसाहेब निंबाळकरांचाच सांगणार. डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम अगदी हाताशी आणि काठियावाडचा संघ मॅच सोडून निघून गेला. महाराष्ट्र ४ बाद ८२६. किस्सा भारीच आहे, माझ्या आजोबांनी मला तो निदान पन्नास वेळा सांगितला असेल.

दुसरा किस्सा विचारा. ऑक्टोबर २०१६, दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, अखंड भागीदारी ५९४ धावांची. तिसरा? नोव्हेंबर २०२२, विजय हजारे करंडक, ऋतुराज गायकवाडचे एका षटकात सात षटकार आणि नाबाद २२०. चौथा? २०१३-१४ च्या मोसमात केदार जाधवच्या १२२३ धावा.

चारही किस्से बॅटिंगचे. आणि यातल्या एकाही मोसमात करंडक आला नाही.

त्या दिल्लीच्या मॅचचंच घ्या. आपण २ बाद ६३५ वर डाव सोडला. मग दिल्लीने काय केलं? ५९०! रिषभ पंतने एकट्याने ३०८ ठोकले. मॅच अनिर्णित. पहिल्या डावातल्या आघाडीचे ३ गुण आपल्याला मिळाले. थेट विजयाला ६ मिळतात, डावाने किंवा दहा विकेट्सनी जिंकलं तर ७. म्हणजे भारतातल्या प्रथम श्रेणी क्रिकेटमधली तोवरची सगळ्यात मोठी भागीदारी करून हाती आलं काय, तर विजयाच्या निम्मे गुण. कोणी म्हणेल, वानखेडेची खेळपट्टीच पाटा होती, त्या वर्षी सगळ्या मॅचेस तटस्थ मैदानांवर होत्या. मान्य. पण त्याच मोसमात त्याच नियमांनी खेळून आमच्या गटातून कर्नाटक, झारखंड आणि ओडिशा पुढे गेले. आम्ही घरी.

आणखी एक जखम. जानेवारी २०२३, ब्रेबॉर्न स्टेडियम, मुंबईविरुद्ध शेवटची साखळी मॅच. मुंबई ३८४ आणि महाराष्ट्र ३८४. पहिला डाव टाय! केदार जाधवचं शतक आणि तरी आघाडी कोणालाच नाही. मॅच अनिर्णित आणि दोन्ही संघ बाद फेरीच्या बाहेर. त्या संध्याकाळी आमच्या ग्रुपवर 'एक रन, एक रन' करत दोनशे मेसेज पडले. एक रन कमी पडला म्हणून सगळे रडले. मुंबईची एखादी विकेट चार ओव्हर आधी काढली असती तर, असं कोणीच म्हणालं नाही. आपल्याला दुःखसुद्धा धावांमध्येच होतं.

आता उलटं उदाहरण. २०१३-१४ ला आपण फायनलला कसे पोचलो? क्वार्टर फायनल वानखेडेवर, समोर मुंबई. पहिल्या डावात त्यांनी ४०२ केल्या, आपण मागे पडलो. मग दुसऱ्या डावात मुंबईला १२९ मध्ये गुंडाळलं आणि केदार जाधव-विजय झोलने धावा पूर्ण केल्या. सगळ्यांना आठवतं केदारचं शतक. पण ते १२९ नसते तर ते शतक कुठे गेलं असतं? त्या वर्षी समद फल्ला, श्रीकांत मुंढे, अनुपम संकलेचा हे लोक जीव तोडून पळत होते म्हणून आपण हैदराबादच्या फायनलपर्यंत गेलो. तिथे कर्नाटकने ५१५ केल्या आणि खेळ खलास. या तिघांची नावं आज चौकात किती जणांना सांगता येतील? मी विचारून बघितलं. पहिल्या नावानंतर शांतता.

तर आता आमच्या संसदेतल्या ठरावांकडे येतो.

ठराव एक, कोच बदला. आपण सगळे आयटीवाले. प्रॉडक्शनमध्ये दर तीन महिन्यांनी तोच बग येतोय आणि दरवेळी कंपनी फक्त मॅनेजर बदलतेय, हे बघितलंय ना? नवीन मॅनेजर येतो, नवीन प्रेझेंटेशन करतो, बग तिथेच. कोचच्या हातात पंधरा पोरं तयार होऊन येतात. त्यात दीडशे षटकं तग धरून विकेट काढणारे चार बॉलर नसतील तर चंद्रकांत पंडित आणा नाहीतर देव आणा. पंडितांनी विदर्भाला लागोपाठ दोन करंडक मिळवून दिले हे खरं, पण २०१७-१८ च्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी त्यांना हातात मिळाला होता. उमेश यादव होता. आणि २०२४-२५ ला विदर्भ पुन्हा जिंकला तेव्हा पंडित तिथे नव्हते. तेव्हा होता हर्ष दुबे, डावखुरा फिरकीवाला, घरचा पोरगा. एका मोसमात ६९ विकेट्स, रणजीतला विक्रम. कोच बदलला तरी विदर्भ जिंकला, कारण बॉलर बनवायची सवय गेली नव्हती.

ठराव दोन, बाहेरचे आणा. आणले की! २०२५-२६ साठी मुंबईचा पृथ्वी शॉ आला, जलज सक्सेना आला. त्याआधी तोच गुरबाणी विदर्भातून आला. पहिलीच मॅच केरळविरुद्ध, आणि आपली सुरुवात शून्यावर तीन बाद. पुढे ऋतुराजच्या ९१ आणि जलजच्या ४९ धावांनी अब्रू वाचली, आघाडीही मिळाली. पुढच्या मॅचला शॉने चंडीगडविरुद्ध २२२ मारल्या, आपण जिंकलो आणि सगळे गार. मला शॉबद्दल काहीच तक्रार नाही. पण ज्या घरात तांदळाची पोती भरलेली आहेत तिथे आणखी तांदूळ कशाला? जलजचं येणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं, तो खरा विकेट काढणारा. पण तोही आला तेव्हाच अडतिशीतला. आणखी किती वर्षं? विदर्भानेही बाहेरचे घेतले, वसिम जाफर, करुण नायर, ध्रुव शौरी. नावं बघा, बहुतेक बॅट्समन. बॉलर त्यांनी घरी बनवले आणि बॅट्समन विकत आणले. आपण बॅट्समन घरी बनवतो आणि वर बॅट्समनच विकत आणतो.

ठराव तीन, आयपीएलने वाट लावली. सोपं उत्तर, म्हणूनच लोकप्रिय. आयपीएल सगळ्यांनाच आहे, विदर्भालाही. आपल्या एमपीएलने २०२३ पासून गहुंज्याला पोरांना दिवे आणि टीव्ही दिला, चांगलंच केलं. पण तिथे बॉलरला चार षटकं मिळतात. चोवीस चेंडू. तेवढ्यावर रणजीचा बॉलर तयार होत नाही, जसा कोडिंग कॉन्टेस्टवर दहा वर्षं चालणारी सिस्टीम बांधणारा इंजिनिअर तयार होत नाही.

आणि यात माझं काय जातं? सांगतो.

कॉलेजात माझा बेंचमेट परभणीचा होता. उंच, काटक, आणि बॉल असा फेकायचा की आमच्या हॉस्टेलच्या मैदानावर हेल्मेटशिवाय कोणी उभं राहायचं नाही. एकदा पुण्यातल्या एका क्लबच्या चाचणीला गेला. रात्रभर एसटीत बसून आला, सकाळी आमच्या बिबवेवाडीच्या घरी आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि मी त्याला गाडीवर सोडला. संध्याकाळी परत आला. "किती टाकल्या रे?" मी विचारलं. "तीन ओव्हर," तो म्हणाला. नेटमध्ये, पाटा विकेटवर, जुना बॉल. शेजारच्या नेटमध्ये बॅट्समनना प्रत्येकी वीस मिनिटं होती. त्याच्यावर कोणी अन्याय केला असं मी म्हणत नाही, तोही म्हणत नाही. वाईट कोणीच नव्हतं तिथे. फक्त कोणाला घाई नव्हती वेगवान बॉलर शोधायची.

आज तो टेस्टिंगमध्ये आहे. (हो, त्यावरचे सगळे विनोद करून झालेत.) :)

त्याच सुमाराला मला झहीर खानची गोष्ट कळली. श्रीरामपूरचा म्हणजे नगर जिल्ह्याचा, म्हणजे शंभर टक्के आपल्या संघाच्या हद्दीतला पोरगा. इंजिनिअरिंग सोडून मुंबईला क्लब क्रिकेट खेळायला गेला, तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनला आणि रणजी सुरू केली कुठून? बडोद्याकडून. पुढे मुंबईकडून. भारताच्या सगळ्यात चांगल्या डावखुऱ्या वेगवान बॉलरने महाराष्ट्राची टोपी कधी घातलीच नाही. आपण त्याला हाकललं असं नाही. तो आपल्या नजरेतच भरला नाही.

म्हणून माझ्या मागण्या. जिल्ह्याजिल्ह्यांत दोन आणि तीन दिवसांच्या मॅचेस वाढवा आणि निदान निम्म्या तरी खेळपट्ट्यांवर थोडं गवत ठेवा. वेगवान बॉलिंगसाठी एक माणूस पाच वर्षांसाठी नेमा आणि मुख्य कोच बदलला तरी त्याला हात लावू नका. आणि मोसमाच्या शेवटी संघाचं प्रगतिपुस्तक काढताना पहिला रकाना धावांचा नको. किती मॅचेसमध्ये वीस विकेट्स काढल्या, तो आकडा आधी लिहा.

पण खरी मागणी आपल्याकडेच आहे. माझे बाबा १९९६ च्या वर्ल्ड कपला नेहरू स्टेडियमवर होते, केनियाने वेस्ट इंडीजला ९३ मध्ये उडवलं त्या दिवशी. केनियाच्या धावा होत्या १६६! बाबा आजही ती मॅच सांगतात ती एकेका विकेटसकट. म्हणजे बॉलिंगचं कौतुक आपल्याला करता येतं, आपण करत नाही एवढंच. निवड समितीची माणसं काही परग्रहावरून येत नाहीत, आपल्यासारखंच किस्से ऐकत मोठी होतात. ज्या गावात आजोबा फक्त ४४३ ची गोष्ट सांगतात त्या गावात पोरगं बॅटच उचलणार.

मागे एकदा सुट्टी टाकून रणजी बघायला गहुंज्याला गेलो होतो. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये मोजून तीस-चाळीस माणसं. लंचनंतर आपला एक बॉलर सलग आठ षटकं टाकत होता, एका टोकाने, उन्हात. एकही विकेट नाही, पण बॅट्समनला हलू देत नव्हता. स्पेल संपल्यावर तो बाउंड्रीवर येऊन उभा राहिला. टाळ्या वाजवणारे दोघंच होतो, मी आणि एक पेन्शनर आजोबा. त्याने वळून बघितलं, बहुधा आश्चर्यानेच.

असो. फार लांबलं. परभणीकर पुढच्या रविवारी पुण्यात आहे, मॅचला येतोय. मन्याला सांगून ठेवलंय, नवीन बॉल त्याच्या हातात द्यायचा आणि तीन ओव्हरनंतर काढून घ्यायचा नाही.