ट्रेलर घ्या, पण व्याजाने नको

अमेरिकेत गाडीच्या मागे जोडून न्यायचं छोटं घर मिळतं. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी, संडास. टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याला तो घ्यायचा आहे, आणि मी त्याला श्रीमंती चोचला म्हणणार नाही. डॅलसहून बिग बेंड नॅशनल पार्क आठ-नऊ तासांवर. शहर सुटलं की हलालचं दुकानही सुटतं. पेट्रोल पंपाच्या बेसिनमध्ये पाय उचलून वुजू करताना लोक कसे बघतात, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. हिजाबातल्या बाईची तर आणखी पंचाईत. आपलं पातेलं, आपला नळ आणि मुसल्ला अंथरण्याएवढी जागा सोबत असली की सफरमधली कसर नमाजही निवांत होते. तेव्हा गरज मला मान्य आहे.

आक्षेप आहे तो व्याजाला. विक्रेता दहा-पंधरा वर्षांच्या हप्त्यांचा कागद पुढे करतो. महिन्याचा आकडा छोटा दिसतो, म्हणून माणूस भुलतो. पण ट्रेलरची किंमत पहिल्या दिवसापासून उतरते. काही वर्षांनी वस्तू कमी किमतीची आणि कर्ज जास्त, अशी गत होते.

भाचा हुशार. म्हणतो, "मामू, युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्चने 1999 साली घरासाठी बँकेचं कर्ज चालेल असं म्हटलंय. आणि इथलं कर खातंसुद्धा झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेल्या ट्रेलरला घर मानतं."

दोन्ही गोष्टी खऱ्या, पण त्यांची जोडणी खोटी. तो फतवा पश्चिमेत राहणाऱ्या, दुसरा मार्ग नसलेल्या माणसाच्या राहत्या घरापुरता होता, आणि त्यालाही अनेक उलेमांनी विरोध केला. भाच्याच्या डोक्यावर छप्पर आहे. कर खात्याची व्याख्या व्याजावर सवलत द्यायची की नाही, एवढ्यासाठी आहे. तिच्यावरून हलाल-हराम ठरवायला लागलो तर मदरसे बंद करून सीए बसवावे लागतील.

आता वजनाचं. मी भाषा शिकवणारा माणूस, पण एवढा हिशेब मलाही येतो. भाच्याची गाडी टोयोटा हायलँडर हायब्रिड. तिची ओढण्याची मर्यादा 3500 पौंड, म्हणजे साधारण 1588 किलो. त्याने पसंत केलेल्या ट्रेलरवर 2900 पौंड लिहिलंय. हे वजन कोरड्या ट्रेलरचं. 30 गॅलन पाणी भरलं की 250 पौंड वाढले. गॅसचे दोन सिलिंडर आणि बॅटरी मिळून सव्वाशे. चार माणसांची भांडी, अंथरुणं, तांदूळ, खुर्च्या धरून 400 तरी. झाले 3675. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार गाडीच्या मागच्या जोडावर यावा लागतो. तो कमी पडला तर ट्रेलर रस्त्यावर डुलायला लागतो. आणि तो भार माणसं-सामानाच्या मर्यादेतूनच वजा होतो. नावात 'लाइटवेट' असलं म्हणून घाट चढताना वजन कमी होत नाही.

माझं मत, जुना आणि लहान घ्यावा. मिनेसोटाचा स्कॅम्प किंवा टेक्सासातल्याच राईस गावचा कसीटा पाहावा. फायबरग्लासचे दोन कवच जोडून हे बनतात, त्यामुळे छताला सांधे कमी. लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरमध्ये पाणी झिरपून भिंती आतून कुजतात, आणि वरून चकचकीत कागद लावलेला असल्याने कळत नाही. जुने फायबरग्लासवालेही महाग जातात ही तक्रार बरोबर आहे, पण विकताना तीच किंमत आपल्याला मिळते.

पैसे कमी पडले तर आपल्याकडे भिशी आहे, कर्ज-ए-हसना आहे. मशिदीतल्या दहा मित्रांनी भिशी लावली तर दीड-दोन वर्षांत रोखीने व्यवहार होईल. तोवर उन्हाळ्यात एकदा भाड्याने घेऊन पाहावा. बायको-मुलांना चार रात्री त्यात झोपवत नाही तोवर आवड कसली कळते?

बघायला जाताना टॉर्च न्यावी, कोपऱ्यातली जमीन पायाने दाबून पाहावी, पलंगाखालचा वास घ्यावा. टायरवर 'डॉट' अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचावेत. 2318 असेल तर तो 2018 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही शाबूत दिसो, असल्या टायरवर मुलांना बसवून निघायचं नाही. नव्या टायरचे पैसे किमतीतून आधीच कापून मागावेत.