चोर सोडून संन्याशाला फाशी

रात्रीचे आठ. पाऊस धो धो. हिंजवडीहून निघालेली तुमची गाडी सिग्नलच्या रांगेत ताटकळतेय. हेडलाइट, वायपर, एसी, मागच्या काचेचा डीफॉगर, मोबाइलचा चार्जर, सगळं चालू. आणि लक्षात येतं, हेडलाइट मंदावलेत. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला, की पुन्हा लख्ख!

यावर ठरलेलं निदान म्हणजे ‘बॅटरी गेली, साहेब.’ पाचेक हजार मोजून नवी बॅटरी बसते आणि काही महिन्यांत तीही मान टाकते. टाकणारच! चोर मोकळाच आहे ना.

हिशेब सोपा आहे. अल्टरनेटर म्हणजे पगार, बॅटरी म्हणजे सेव्हिंग. इंजिन चालू असताना सगळा खर्च पगारातूनच भागायला हवा, वर थोडी शिल्लकही पडायला हवी. पण अल्टरनेटर फिरतो इंजिनच्या बेल्टवर. इंजिन आयडलवर, म्हणजे मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर आलं, की त्याची कमाई बरीच घटते. खर्च मात्र तेवढाच. नुसते दोन हॅलोजन हेडलाइटच ९-१० अँपिअर खातात. सगळं चालू असताना व्होल्टेज थोडं उतरणं त्यामुळे साहजिक आहे. रोजच सेव्हिंग मोडावं लागत असेल तर मात्र गडबड आहे. सतत अर्धवट चार्ज राहणारी बॅटरी लवकर म्हातारी होते आणि एखाद्या सकाळी नेमकी मीटिंगच्या दिवशी दगा देते.

तेव्हा चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून. ओढणी, टाय, बाह्या फिरत्या बेल्टपासून लांब!

• रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे फुल्ल, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी.

• इंजिन चालू करा, बाकी सगळं बंद. आयडलवर १३.८ ते १४.४ दिसायला हवं. १३ च्या खाली असेल तर पुढे वाचा.

• रेस वाढवून १५००-२००० फेऱ्यांवर न्या. आकडा १४ वर चढला तर संशय ढिल्या बेल्टवर, कमी ठेवलेल्या आयडलवर, झिजलेल्या कार्बन ब्रशवर किंवा उडालेल्या डायोडवर. चढलाच नाही तर रेग्युलेटर किंवा अल्टरनेटरच आजारी. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बेलगाम झालाय, बॅटरी उकळेल.

• अल्टरनेटरच्या आउटपुटला १४ आणि बॅटरीवर १३? मग चोर वाटेत आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी, सैल नट, गंजलेली अर्थची वायर. इथे खर्च होतो फक्त सँडपेपरचा.

बॅटरीचा लाल दिवा पेटत नाही म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र समजू नका. चार्जिंग थोडंसंच कमी असेल तर तो बऱ्याचदा गप्प बसतो. आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून दाखवणारा उस्ताद भेटला तर त्याला हात जोडा. त्या एका झटक्यात अल्टरनेटर आणि गाडीचा कंप्युटर, दोन्ही उडू शकतात.

अलीकडच्या काही मॉडेल्समध्ये इंधन वाचवायला कंप्युटरच अल्टरनेटरला कमी-जास्त पळवतो. तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका, वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून घ्या. आणि ‘अख्खा अल्टरनेटर बदला’ म्हटलं, तर नुसते ब्रश किंवा रेग्युलेटर बदलून भागेल का, हे आधी विचारा. बऱ्याच गाड्यांत भागतं.

थोडक्यात, ‘बॅटरी बदलू का?’ असं कुणी विचारलं, की पाकीट काढायच्या आधी उलट विचारा, ‘आयडलला व्होल्ट किती?’